युद्ध संपलं, मग गावांनी काय केलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-रत्नागिरीकडच्या एखाद्या जुन्या चावडीच्या, शाळेच्या नाहीतर देवळाच्या भिंतीत बसवलेली एक छोटी पाटी तुम्ही कदाचित पाहिली असेल. मजकूर साधारण ठरलेला: या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. एवढंच. पाटीवर पुष्कळदा चुन्याचे थर चढलेले असतात. ती पाहून लोकांना जे प्रश्न पडतात, त्यांची ही उत्तरं. बरीचशी उत्तरं पहिल्या महायुद्धाची आहेत, कारण युद्ध संपल्यावर काय करायचं याच्या बहुतेक रीती त्या चार-पाच वर्षांत पडल्या.

महायुद्ध तर १९१८ मध्ये संपलं. मग पाटीवर १९१९ का?

१९१८ मध्ये झाली ती शस्त्रसंधी. फ्रान्समधल्या कोंपियेनच्या जंगलात, रेल्वेच्या डब्यात बसून ११ नोव्हेंबरला पहाटे पाचच्या सुमारास सह्या झाल्या आणि गोळीबार सकाळी अकराला थांबवायचा ठरला. मधल्या सहा तासांत लढाई चालूच राहिली. त्या एका दिवसात सगळ्या बाजूंची मिळून अंदाजे २,७०० माणसं मेली असं मानतात. हेन्री गुंथर नावाचा अमेरिकन शिपाई १० वाजून ५९ मिनिटांनी मारला गेला.

पूर्व आफ्रिकेतल्या जर्मन सैन्याने तर २५ नोव्हेंबरला शस्त्रं खाली ठेवली. आणि कायद्याच्या भाषेत जर्मनीशी तह झाला तो २८ जून १९१९ ला, व्हर्सायला. म्हणून ब्रिटिश साम्राज्यातल्या पुष्कळ स्मारकांवर १९१९ कोरलेलं दिसतं.

बातमी आल्यावर लोकांनी पहिल्यांदा काय केलं?

घंटा वाजवल्या. युद्धकाळात लंडनचा बिग बेन मुका केला होता, तो त्या दिवशी पुन्हा बोलू लागला. कारखान्यांचे भोंगे, बोटींच्या शिट्ट्या, चर्चमधल्या घंटा. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने वाजवलं. शाळा सुटल्या, काम बंद पडलं, लोक कुठे जायचं हे न ठरवताच रस्त्यावर आले.

अमेरिकेत तर हा आनंद दोनदा झाला. ७ नोव्हेंबरला एका वृत्तसंस्थेने शस्त्रसंधी झाल्याची चुकीची तार पाठवली आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर कागदाचे कपटे उडाले. चार दिवसांनी खरी बातमी आली तेव्हा लोकांनी सगळं परत पहिल्यापासून केलं.

पण प्रत्येक घरात घंटेचा आवाज सारखा पोचला नाही. कवी विल्फ्रेड ओवेन ४ नोव्हेंबरला मारला गेला होता. त्याच्या मृत्यूची तार श्रूजबरीला त्याच्या आईच्या हातात पडली ती ११ तारखेला, गावात घंटा वाजत असताना, असं सांगतात. शिवाय इन्फ्लुएंझाची साथ चालू होती. गर्दीत नाचणारे आणि घरात खोकणारे, दोन्ही त्याच गल्लीत होते.

आणि हिंदुस्थानात?

इथे तर साथीचा कहर नुकताच होऊन गेला होता. सप्टेंबर-ऑक्टोबर १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात माणसं पटापट मेली. देशभरातला आकडा एक कोटीच्या वर धरतात. शस्त्रसंधीची बातमी अशा घरांत आली. ज्यांचा मुलगा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होता, त्यांना तो कदाचित परत येणार होता. पण त्याची वाट बघणारं माणूसच घरात उरलं नव्हतं, असंही झालं असणार.

सरकारी विजयोत्सव व्हायचा होता डिसेंबर १९१९ मध्ये. तोवर मार्चमध्ये रौलट कायदा आला होता, १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली होती, आणि तुर्की खलिफाचं काय होणार या चिंतेत मुसलमान समाज होता. नोव्हेंबरमध्ये दिल्लीला भरलेल्या खिलाफत परिषदेत या उत्सवावर बहिष्कार टाकायचं ठरलं. गांधीजीही त्या परिषदेत होते. म्हणजे आपल्याकडे युद्धाचा शेवट ‘साजरा न करणं’ हीच एक सार्वजनिक कृती झाली. आपण ही गोष्ट सहसा स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणात वाचतो, पण ती या प्रकरणातही बसते.

मोठी मिरवणूक वगैरे कधी झाली?

ब्रिटनमध्ये १९ जुलै १९१९ ला ‘शांतता दिन’ पाळला. लंडनच्या संचलनासाठी वास्तुविशारद एडविन लट्येन्स यांनी लाकूड आणि प्लास्टरचा एक तात्पुरता स्तंभ उभा केला, त्याचं नाव सेनोटाफ. आत काही नाही. सेनोटाफ या शब्दाचा अर्थच रिकामी कबर. संचलन झाल्यावर तो मोडून टाकायचा होता. पण लोक तिथे फुलं आणून ठेवायला लागले, रांगा लागल्या आणि तो मोडायची सोयच राहिली नाही. मग तसाच दगडी बांधून ११ नोव्हेंबर १९२० ला त्याचं अनावरण झालं. सरकारने सोय केली होती विजयाची, लोकांनी तिचं केलं सुतकाचं ठिकाण. मला हा सगळ्या विषयातला सर्वांत बोलका प्रसंग वाटतो.

त्याच शांतता दिनी लूटन गावात वेगळंच झालं. नगरपालिकेने मेजवानी ठेवली, माजी सैनिकांना मात्र त्यांचा स्वतःचा स्मृतिकार्यक्रम बागेत करायला परवानगी नाकारली. चिडलेल्या जमावाने टाउन हॉलच जाळून टाकला. नोकऱ्या नाहीत, पेन्शनचा पत्ता नाही आणि वर मानकऱ्यांच्या पंगती. एवढ्यावर माणसं भडकतात.

गावोगाव स्मारकं उभी राहिली. एवढी गरज का वाटली?

कारण प्रेतं घरी आली नाहीत.

हे लक्षात घेतलं की बाकीचं सगळं समजतं. ब्रिटिशांनी ठरवलं की जो जिथे पडला तिथेच त्याला पुरायचं. कुणाचाही देह मायदेशी आणायचा नाही. श्रीमंताने पैसे खर्चून मुलाला घरी न्यावं आणि गरिबाचा मुलगा परक्या मातीत राहावा, हे नको, असा विचार त्यामागे होता. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इम्पीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने सगळ्यांना एकाच मापाचा दगड दिला, अधिकारी असो वा शिपाई. तत्त्व म्हणून ठीक. पण ते आईच्या गळी उतरवणं अवघड. मुलाचा देह परत द्या म्हणून अर्ज झाले, सह्यांच्या मोहिमा झाल्या. निर्णय बदलला नाही.

अमेरिकेने घरच्यांवर सोपवलं. सुमारे ४६,००० देह परत नेले गेले आणि ३०,००० च्या आसपास युरोपातच राहिले. फ्रान्सनेही पुढे नेण्याची मुभा दिली.

शिवाय लाखो सैनिकांचा देह सापडलाच नव्हता. तोफगोळ्यांनी उकरलेल्या चिखलात कोण कुठे गेला कळायला मार्ग नव्हता. आपल्याकडे दहावं-तेरावं करायला निदान अस्थी लागतात, किंवा दर्भाचा पुतळा तरी. तिकडच्या माणसांनाही हात टेकायला काहीतरी हवं होतं. गावच्या चौकातला दगड म्हणजे तो पुतळा. बाया त्या दगडावरच्या नावावरून बोट फिरवत उभ्या राहायच्या, ते यासाठी.

फ्रान्समध्ये सुमारे ३६,००० स्मारकं उभी राहिली, बहुतेक १९१९ ते १९२५ या काळात. ऑक्टोबर १९१९ च्या कायद्याने सरकार थोडी मदत देत होतं, बाकीची वर्गणी गावाची. स्मारक नसलेलं गाव शोधावं लागतं.

स्मारक कसं असावं हे कोण ठरवायचं?

गावची समिती. आणि समिती म्हटल्यावर भांडणं आलीच.

पहिलं भांडण पैशाच्या उपयोगाचं. एक पक्ष म्हणायचा, दगडाचा खांब काय कामाचा, त्यापेक्षा दवाखान्यात खाटा वाढवा, सभागृह बांधा, मुलांना मैदान करा. दुसरा म्हणायचा, सभागृहात उद्या पत्ते खेळतील. तिथे माझ्या मुलाची आठवण कोण काढणार? दोन्ही बाजू खऱ्या होत्या. काही गावांनी घड्याळाचा मनोरा बांधून मधला मार्ग काढला.

दुसरं भांडण नावांच्या क्रमाचं. हुद्द्याप्रमाणे की वर्णानुक्रमे? पुष्कळ गावांनी हुद्दा गाळला. पण मग कोण ‘आपल्या’ गावचा? लग्न करून दुसरीकडे राहायला गेलेला? जखमी होऊन घरी आला आणि १९२१ मध्ये गेलेला? आणि पळून गेल्याच्या आरोपाखाली स्वतःच्याच सैन्याने गोळी घातलेला? अशा ३०६ ब्रिटिश आणि साम्राज्यातल्या सैनिकांना माफी मिळाली २००६ मध्ये. तोवर कितीतरी गावांच्या दगडावर त्यांची नावं नव्हती.

जप्त केलेल्या तोफा, रणगाडे ठेवायची पद्धत होती ना?

होती. ब्रिटनमध्ये युद्धकर्ज चांगलं जमवलेल्या अडीचशेहून अधिक गावांना रणगाडे भेट मिळाले. लोकांना ते पुढे नकोसे झाले आणि बहुतेक भंगारात गेले. केंटमधल्या ॲशफर्डचा वाचला, कारण त्याच्या पोटात विजेचं सबस्टेशन बसवलं होतं.

दोन मिनिटं शांत उभं राहण्याची प्रथा कुठून आली?

दक्षिण आफ्रिकेतून. केप टाउनचे महापौर हॅरी हँड्स यांनी मे १९१८ मध्ये, युद्ध चालू असतानाच, रोज दुपारी उडणाऱ्या तोफेबरोबर शहर थांबवायला सुरुवात केली. ट्रामगाड्या उभ्या, माणसं उभी. तिथलेच पर्सी फिट्झपॅट्रिक यांचा थोरला मुलगा १९१७ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्समध्ये मारला गेला होता. त्यांनी ही कल्पना लंडनला कळवली. ७ नोव्हेंबर १९१९ ला पंचम जॉर्जचं आवाहन निघालं आणि चार दिवसांनी अकरा वाजता सगळ्या साम्राज्यात दोन मिनिटांची शांतता पाळली गेली. एडवर्ड हनी या ऑस्ट्रेलियन पत्रकारानेही त्याच वर्षी मे महिन्यात लंडनच्या वर्तमानपत्राला पत्र लिहून असंच सुचवलं होतं.

मुलांची भाषणं, पाहुण्यांचे सत्कार, अध्यक्षीय समारोप या सगळ्यांपेक्षा काहीच न बोलणं जास्त टिकलं. आपल्याकडच्या शोकसभेत आपण सहज ‘दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली’ म्हणतो, ती ही.

‘अज्ञात सैनिक’ म्हणजे नक्की काय केलं?

ओळख न पटलेला एक देह देशाच्या मध्यभागी आणून पुरला. ज्या आईचा मुलगा सापडला नाही, तिला ‘हा माझाच असेल’ म्हणता यावं, ही त्यातली किमया. लंडन आणि पॅरिसमध्ये हे एकाच दिवशी झालं, ११ नोव्हेंबर १९२० ला.

निवडायचं कसं? फ्रान्सने व्हर्दूंला आठ शवपेट्या ठेवल्या आणि ओगुस्त तँ या तरुण शिपायाच्या हातात फुलं दिली. त्याची पलटण १३२ वी. एक अधिक तीन अधिक दोन म्हणजे सहा, म्हणून त्याने सहाव्या पेटीवर फुलं ठेवली.

इटलीत १९२१ मध्ये हे काम मारिया बेर्गामास या आईला दिलं. तिचा मुलगा अंतोनियो खोट्या नावाने इटलीच्या सैन्यात लढला होता आणि त्याचा देह मिळाला नव्हता. अक्विलेयाच्या चर्चमध्ये अकरा पेट्यांमधून तिने एक निवडली. ती पेटी रेल्वेने रोमला गेली, आणि वाटेत रुळांच्या दोन्ही बाजूंना माणसं गुडघे टेकून होती.

हरलेल्या देशांनी शेवट कसा पाळला?

अवघडल्यासारखा. जर्मनीत डिसेंबर १९१८ मध्ये बर्लिनला परतणाऱ्या सैन्याचं स्वागत करताना नवे सरकारप्रमुख एबर्ट यांनी ‘तुम्हाला कोणत्याही शत्रूने जिंकलेलं नाही’ अशा अर्थाचे उद्गार काढले. दुःखावर फुंकर म्हणून ते ठीक होतं, पण तेच वाक्य पुढे विषासारखं भिनलं. राष्ट्रीय शोकदिनाची पहिली सभा राइशस्टागमध्ये, म्हणजे जर्मन संसदेत, १९२२ ला झाली.

या सगळ्या गोंधळात केथे कोल्वित्स या शिल्पकार बाईंचं काम वेगळं उठून दिसतं. त्यांचा मुलगा पीटर १९१४ च्या ऑक्टोबरमध्येच गेला. त्याच्यासाठीची शिल्पं पुरी व्हायला १९३२ उजाडलं: गुडघ्यांवर बसलेले आई आणि बाप. वर ना विजय, ना झेंडा. ती आता बेल्जियममध्ये व्लाड्स्लोच्या दफनभूमीत आहेत.

पोलंडचं गणित निराळं. ११ नोव्हेंबर हा त्यांचा स्वातंत्र्यदिन आहे. एकाच तारखेला एका गावात सुतक आणि दुसऱ्यात सण.

युद्धाचा निषेध करणारं स्मारक कुणी बांधलं का?

फ्रान्समधल्या जांतिऊ गावाने बांधलं. एक पोरका मुलगा मूठ उगारून उभा आहे आणि खाली कोरलंय: या युद्धाला शाप लागो. ते १९२२ चं. सरकारी अधिकारी त्याच्याकडे फिरकेनात. अधिकृत उद्घाटनाला १९९० साल उजाडलं.

सगळे सुखरूप परतले, असं एखादं गाव?

इंग्लंड-वेल्समध्ये पन्नासच्या आसपास. त्यांना ‘कृतज्ञ गावं’ म्हणतात. हजारो गावांत पन्नास, यावरून बाकीच्यांचा अंदाज घ्या.

कोटाला लावतात ते लाल फूल कसलं?

पॉपीचं. बेल्जियमकडच्या फ्लँडर्स या रणभूमीच्या उकरलेल्या जमिनीवर ती फुलं माजली होती. मोइना मायकेल या अमेरिकन बाईंनी १९१८ मध्ये ते फूल लावायला सुरुवात केली, आन्ना गेरँ या फ्रेंच बाईंनी कापडी फुलं विकून निधी जमवायची कल्पना युरोपभर नेली आणि १९२१ पासून ब्रिटनमध्ये माजी सैनिकांच्या मदतीसाठी ती विकली जाऊ लागली. फ्रान्समध्ये लाल नाही, निळं फूल. १९३३ पासून ब्रिटनमध्ये काही शांततावादी पांढरं लावतात, त्यावरून अजून वाद होतात.

१९४५ मध्ये हेच सगळं पुन्हा झालं का?

थोडं. युरोपातलं दुसरं महायुद्ध संपलं त्या ८ मेला ब्रिटनमध्ये गल्ल्यांत टेबलं मांडून पोरांना खाऊ घातलं. रेशन चालू होतं, म्हणून प्रत्येक घराने साठवलेली साखर-लोणी एकत्र केलं. पताकांच्या तांबड्या-पांढऱ्या-निळ्या कापडाला सरकारने कूपन माफ केलं होतं. पाच वर्षं रात्री खिडक्या झाकून बसलेल्या लोकांनी शेकोट्या पेटवल्या. नव्या मृतांची नावं बहुतेक ठिकाणी जुन्याच दगडावर खाली कोरली. दुसरा दगड उभा करायचं बळ नव्हतं.

आनंदाच्या दिवशीही माणसं मेली. ॲमस्टरडॅमच्या डाम चौकात ७ मेला जमलेल्या गर्दीवर जर्मन नौसैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि तीसहून अधिक लोक गेले. कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये दंगल आणि लुटालूट झाली. अल्जेरियातल्या सेतिफमध्ये ८ मेच्या मिरवणुकीत स्वातंत्र्याचे झेंडे दिसले म्हणून फ्रेंच पोलिसांनी गोळीबार केला, आणि पुढच्या दिवसांत हजारो अल्जेरियन मारले गेले. फ्रान्सच्या विजयाची आणि अल्जेरियाच्या हत्याकांडाची तारीख एकच आहे.

जपानमध्ये १५ ऑगस्टला दुपारी बारा वाजता लोक रेडिओसमोर माना खाली घालून उभे राहिले. सम्राटाचा आवाज ते पहिल्यांदाच ऐकत होते. दरबारी भाषा इतकी अवघड की जपान शरण गेला हे अनेकांना शेजाऱ्याने सांगावं लागलं.

अजूनही रोज चालणारा काही विधी आहे का?

आहे. बेल्जियममधलं ईपर हे शहर युद्धात पार भुईसपाट झालं होतं. तिथे मेनिन गेट नावाची कमान आहे. थडगं नसलेल्या ५४,००० हून अधिक सैनिकांची नावं तिच्यावर आहेत, हिंदुस्थानी सैनिकांचीही. १९२८ मध्ये शहरातल्या लोकांनी संध्याकाळी आठ वाजता तिथे बिगुल वाजवायला सुरुवात केली आणि १९२९ पासून ते रोजचं झालं. वाजवणारे सैनिक नाहीत, शहराच्या अग्निशमन दलातली माणसं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यात असताना खंड पडला. ६ सप्टेंबर १९४४ ला पोलिश सैन्याने शहर सोडवलं, त्याच संध्याकाळी बिगुल परत वाजला. शहराच्या दुसऱ्या भागात अजून गोळीबार चालू होता.

आपल्या गावच्या पाटीवर आकडाच का? नावं का नाहीत?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त टोचतो.

दहा लाखांहून अधिक हिंदुस्थानी परदेशी गेले, ७४,००० च्या वर परतले नाहीत. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावातल्या ४६ जणांनी प्राण दिले. आज ते ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखलं जातं. इंग्लंडमधलं गाव स्वतः वर्गणी काढून, भांडून नावं कोरत होतं. आपल्याकडची पाटी सरकारकडून आली, एका साच्यातली. रिकाम्या जागी आकडा भरला की झालं.

हे फक्त खेड्यात झालं असं नाही. सगळ्यांना एकसारखा दगड हे ज्या कमिशनचं तत्त्व, त्याने इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावर हिंदुस्थानी अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि हजारो शिपायांची नुसती संख्या. मराठा पलटणींची बरीच माणसं मेसोपोटेमियातच लढली. १०३, ११० आणि ११७ या तीन पलटणी तिथल्या कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या. त्या कमिशनने याबद्दल माफी मागितली ती एप्रिल २०२१ मध्ये.

फ्रान्समध्ये चित्र बरं आहे. नव शापेलच्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदुस्थानी नावं आहेत. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर हिंदू आणि शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला, तिथे १९२१ पासून संगमरवरी छत्री उभी आहे. दिल्लीच्या इंडिया गेटवर तेरा हजारांहून अधिक नावं आहेत. ते १९३१ मध्ये पुरं झालं आणि त्याचे वास्तुविशारदही लट्येन्सच. पण चावडीवरच्या पाटीसमोर उभ्या राहिलेल्या आईला दिल्ली कुठून दिसणार?

मग ती नावं आता शोधता येतील का?

काही अंशी. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची (त्याच इम्पीरियल कमिशनचं आजचं नाव) यादी इंटरनेटवर फुकट शोधता येते. पुष्कळ हिंदुस्थानी नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. स्पेलिंग मात्र इंग्रज कारकुनाने कानाला लागेल तसं केलेलं आहे, त्यामुळे गावाचं नाव चार-पाच तऱ्हांनी लिहून बघा आणि आडनावापेक्षा पलटणीच्या क्रमांकावरून जा. पंजाबात लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या तीन लाखांहून अधिक सैनिकांच्या नोंदी २०२१ मध्ये अशाच उजेडात आल्या. घरात जुनं पदक असेल तर त्याच्या कडेवर नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगातून बघावी लागते. आणि पाटीवरचा चुना खरवडताना लोखंडी ब्रश वापरू नका, अक्षरं जातात. पाणी आणि नारळाची शेंडी पुरते.